कॉर्ड्युरावर बाइंडिंगची पट्टी लावतोय, कोपरा आला की बोंब

भांडुपचा_भिरभिरा

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी शिंपी वगैरे कोणी नाही. दिवसभर लॅपटॉप बडवतो आणि वर्षातून दोनतीनदा रजा जमवून विमानातून उड्या मारायला जातो. एएफएफ (उड्या शिकायचा कोर्स) झाला, 25 उड्या भरल्या, ए लायसन्स (पहिल्या पायरीचा परवाना) हातात आलं आणि आता एक सेकंडहँड रिगपण (पाठीवर बांधायचा पॅराशूटचा अख्खा संच) घेतलाय (घरी खरी किंमत सांगितलेली नाही, तेव्हा इथेही विचारू नका). तर पॅराशूट पॅक करताना खाली अंथरायला एक मॅट आणि रिग न्यायला एक बॅग अशा दोन गोष्टी स्वतःच शिवायच्या असं डोक्यात घेतलं, कारण बाहेरून मागवायच्या म्हटलं तर कुरियर आणि ड्युटी धरून आकडा बघूनच पॅराशूट उघडावं लागतं.

मशीन म्हणजे आजीची काळी पायमशीन, तिला नंतर कोणीतरी मोटर बसवलेली. कापड 1000 डेनियरचं कॉर्ड्युरा, म्हणजे बॅगांचं जाडजूड नायलॉन, आतून पीयू (पाणी अडवणारं) कोटिंगवालं. बॅगेच्या पाठीला दोन थरांच्या मध्ये 5 एमएम फोम. दोरा बाँडेड नायलॉन 40 नंबर, सुई 18 नंबर, कडेवर दुमडून शिवायची बाइंडिंगची पट्टी एक इंची. सरळ रेषेत छान जातंय हो, खोटं कशाला बोलू, आईसुद्धा "बरं शिवलंयस की" म्हणाली. पण कोपरा आला की सगळं बोंबलतं. वरून बघावं तर टाका पट्टीवर बसलेला, उलटं करावं तर खालची पट्टी दोन मिलिमीटर बाजूला पळालेली आणि सुई नुसत्या कापडातून गेलेली. आणि गोलाईवर चुण्या अशा की समोशाची कड परवडली. तीन सुया मोडल्या आतापर्यंत. कोपरा गोल करायला दहाचं नाणं ठेवून खडूने आखलं होतं.

शिवाय बॅगेच्या झाकणाला हँडलपाशी आत वळलेला एक खाचेसारखा कोपरा आहे, तिथे तर पट्टी बसायलाच तयार नाही, ताणून ताणून बसवली की सुटून वर येते.

आणि जाता जाता एक, रिगच्या साइड फ्लॅपची बाइंडिंगपण एका कोपऱ्यावर झिजून धागे निघालेत. हे जमलं की तेही मीच करून टाकू का?

गिरगावातली_काकू

अरे तू पट्टी मशीनवरच दुमडत शिवतोयस ना? एका हाताने कापड, एका हाताने पट्टी, आणि पाय मोटरवर. मग पळणारच की ती. मी तीस वर्षं क्लास घेतले, नवीन मुली सगळ्या हेच करायच्या, आणि त्या तर नुसत्या कॉटनच्या पिशव्या शिवत होत्या, तू ताडपत्रीचा बाप घेऊन बसलायस.

आधी पट्टी दुमडून घे. पण बरोब्बर मधोमध नाही हां, खालची बाजू वरच्यापेक्षा दीडदोन मिलिमीटर रुंद ठेव. वरच्या कडेला धरून टाका टाकलास की खालच्या बाजूला आपोआप आत पडतो. नुसती नखाने घडी घालून नायलॉन ऐकत नाही, वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरव. कोमट म्हणजे कोमट, सिल्कवर ठेवतोस तेवढीच. नायलॉन एकदा चकाकलं की ते गेलं.

मग कोपऱ्यावर धावदोरा घाल. हो, हाताने. मोठी सुई, वेगळ्या रंगाचा दोरा, अंगठ्यात अंगुस्तान. कोपऱ्याच्या अलीकडे चार बोटं आणि पलीकडे चार बोटं एवढंच, अख्ख्या बॅगेला नको. चुण्या एकाच जागी जमू देऊ नकोस, बारीक बारीक करून पसरव, ब्लाउजच्या बाहीचा डोका कसा आपण खांद्यात बसवतो, न चुणता जिरवतो, तस्सं. मशीनची शिलाई झाली की तो दोरा ओढून काढून टाक. कोपऱ्यावर मोटर बंद, चाक हाताने आपल्याकडे फिरवायचं. दर दोन टाक्यांनी सुई कापडात रुतवून ठेवायची, मशीनचा कापड दाबणारा पाय उचलायचा, कापड केसभर वळवायचं, पाय खाली. एका कोपऱ्याला पाच मिनिटं लागतात, लागू देत. तुला कुठे लोकल पकडायचीय.

सुया मोडतायत कारण तू कापड मागून ओढतोयस. शपथेवर सांगते, न बघता.

बाकी ते विमानातून उड्या वगैरे आईला विचारून कर बाबा. ती आपली पुण्याची शीतल महाजन 2018 मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारून आली ना, तेव्हा टीव्हीवर सगळे तिचं धाडस बघत होते आणि मी बघत होते की पदर नक्की कुठे कुठे अडकवलाय.

धारावी_नव्वदफुटी

काकूंचं बरोबर आहे पण एवढा धावदोरा घालत बसलो तर आमच्याकडे दिवसाला दोन बॅगा निघतील. आमचं तीन मशीनचं युनिट आहे, लॅपटॉपच्या आणि ट्रेकिंगच्या बॅगा, त्यामुळे हे रोजचं.

भाऊ, तुझा अर्धा प्रॉब्लेम मशीनचा आहे. काळ्या मशीनला खालचे दातेच फक्त कापड पुढे ढकलतात, वरचा पाय नुसता दाबून बसलेला. म्हणजे खालचा थर पुढे जातो आणि वरचा रेंगाळतो. दोन पातळ कापडांत ते कळत नाही, पण पट्टी, कॉर्ड्युरा, फोम, कॉर्ड्युरा, परत पट्टी एवढं सँडविच झालं की वरची आणि खालची पट्टी एकमेकींपासून सरकतात. सरळ लाइनीत तू हाताने सांभाळतोस, कोपऱ्यावर हात वळवण्यात गुंतला की ती सटकते. वॉकिंग फूटची मशीन असते, जुकीची 1541 वगैरे, तिच्यात वरचा पाय, सुई आणि दाते तिघं मिळून कापड पुढे नेतात. त्याला पुढे फोल्डर लावला, म्हणजे तो पत्र्याचा कर्णा ज्यातून पट्टी दुमडूनच बाहेर येते, की सरळ काम नुसतं सोडून द्यायचं. पण ऐक, फोल्डर असला तरी दहाच्या नाण्याएवढ्या गोलाईवर आमचा कारागीरपण शिव्या देतो. फोल्डरला मोठी गोलाई लागते.

मशीन घेऊ नकोस, एवढ्यासाठी लाखभर घालवायची गरज नाही. दोन फेऱ्यांत कर. पहिल्या फेरीत पट्टी फक्त एका बाजूला शिवायची, पट्टीची कड कापडावर, दुमड नाहीच. मग पट्टी कडेवरून पलीकडे वळवून दुसरी फेरी वरून. दोनदा शिवावं लागतं पण प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांभाळायची असते. दुसऱ्या फेरीआधी पेपर पकडायचे काळे क्लिप लाव, टाचण्या नको, पीयू कोटिंगला पडलेलं भोक बुजत नाही. दुहेरी चिकटपट्टी लावणारे आहेत, चालते, पण ती सुईच्या वाटेत आली की सुईला डिंक चढतो आणि टाके गाळायला लागते. लावायचीच तर कडेला लाव, जिथून सुई जाणार नाही.

आणि फोम कडेपर्यंत आणलायस का? तो कडेपासून एक सेंटिमीटर आत कापून टाक. कडेला फक्त दोन कापडं राहिली पाहिजेत. पट्टी लावण्याआधी त्या दोन कापडांना कडेपासून 6 मिलिमीटर आतून एक साधी शिलाई मारून घे म्हणजे ती एकमेकांवर सरकणार नाहीत. ही शिलाई पट्टीखाली झाकली जाते, वाकडी आली तरी कोणी बघत नाही. टाका 3 ते साडेतीन मिलिमीटर ठेव, बारीक टाका म्हणजे पक्कं काम असं वाटतं लोकांना, पण जाड कापडात बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग, तिथूनच फाटतं.

आत वळलेल्या कोपऱ्याचं गुपित सांगतो. तिथे पट्टी कापडाकडे न्यायची नाही, कापड पट्टीकडे आणायचं. कडेला चारपाच बारीक कातरी मार, 4 मिलिमीटर खोल, त्या 6 च्या शिलाईच्या पुढे जायचं नाही. मग शिवताना तो कोपरा दोन्ही हातांनी उघडून सरळ कर, अगदी सरळ रेष असल्यासारखा पायाखाली घाल, बाकीचं कापड डावीकडे गोळा झालं तर होऊ दे, वेडंवाकडं दिसेल, दिसू दे. पट्टी सरळच लागते. सोडलं की कापड आपल्या जागी परत जातं आणि पट्टी कोपऱ्यात चप्प बसते. ताणून बसवलेली पट्टी कधी ना कधी वर येणारच.

आता माझं रडगाणं. पट्टी घेताना नायलॉनच आहे ना बघून घे. मी मागे एका दुकानातून नायलॉन म्हणून चारशे मीटर उचलली, कारागिराने घडीला इस्त्री टेकवली आणि पट्टी इस्त्रीलाच चिकटून आली. पॉलिप्रॉपिलीन निघालं. ते 160-165 डिग्रीला वितळतं, नायलॉन 220 च्या पुढे. दुकानदार म्हणतो "साहेब सगळे हेच नेतात". तेव्हापासून मी खिशात कात्री ठेवतो, बोटभर तुकडा कापायचा, टपरीवरून ग्लासभर पाणी घ्यायचं, तुकडा बुडवून आत चिमटीने दाबून हवा काढायची आणि सोडायचा. नायलॉन खाली बसतं, पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते परत वर येऊन तरंगतं. दुकानदारासमोरच करायचं हे. चेहरे बघण्यासारखे होतात.

बोरिवली_स्लो

मी आयुष्यात बटणसुद्धा लावलेलं नाही, पण दहाच्या नाण्यावर अडकलो म्हणून लिहितोय. गणित करून बघा, मजेशीर आहे.

एक इंची पट्टी, म्हणजे 25 मिलिमीटर. कडेची जाडी वगैरे सोडून प्रत्येक बाजूला येते समजा 9 ते 10, आपण 9 धरू. पट्टीची घडी कापडाच्या बाहेरच्या कडेवरून जाते आणि जिथे टाका पडतो ती पट्टीची कड 9 मिलिमीटर आतल्या गोलाईवरून जाते. पट्टी दोन्हीकडे तेवढ्याच लांबीची, पण आतली वाट छोटी. काटकोनी वळणात हा फरक किती? पाय (गणितातला π) भागिले दोन गुणिले 9, म्हणजे साधारण 14 मिलिमीटर. आणि गंमत म्हणजे गोलाई केवढीही घ्या, हा फरक 14 च राहतो! त्रिज्या गणितात उडूनच जाते.

मग मोठ्या गोलाईने फायदा काय? तर ते 14 मिलिमीटर कशात जिरवायचे ते बदलतं. दहाचं नाणं 27 मिलिमीटर व्यासाचं, त्रिज्या साडेतेरा. बाहेरची वाट 21 मिलिमीटर, आतली 7. म्हणजे 21 मिलिमीटर पट्टी तुम्ही 7 मध्ये कोंबताय, तीनाची एक. विरार फास्टमध्ये सहा वाजता अंधेरीला चढण्यासारखं. आता त्याऐवजी स्टीलचा पेला उपडा ठेवा, आमच्याकडच्या पेल्याचं तोंड 8 सेंटिमीटर आहे, आत्ताच मोजलं, त्रिज्या 40. बाहेर 63, आत 49. तेच 14 आता 63 मध्ये वाटले गेले, म्हणजे जेमतेम बावीस टक्के. ते काकू म्हणतात तसं न चुणता जिरेल.

दुसरा उपाय म्हणजे पट्टी अरुंद घ्या. पाऊण इंची, 19 मिलिमीटरची घेतली तर जाडीचे तेच 7 सोडून बाजूला 6 येते, फरक साडेनऊवर येतो. तरी नाण्याच्या 21 मध्ये ते जवळपास निम्मेच. त्यामुळे पट्टी बदलण्यापेक्षा पेला बदला.

आत वळलेल्या कोपऱ्यात हेच गणित उलटं, तिथे 14 मिलिमीटर कमी पडतात, आणि विणलेली नायलॉन पट्टी काही ताणून वाढत नाही. म्हणून धारावीवाल्यांची कापड सरळ करायची युक्ती चालते, सरळ केल्यावर आतली आणि बाहेरची वाट सारखीच होते ना.

गिरगावातली_काकू

अरे हे आम्हाला क्लासमध्ये कोणी सांगितलंच नाही! आम्ही नुसतं "गोल मोठा घ्या गं" म्हणायचो. चौदाचं लिहून ठेवते.

लोअर_परळ_लेट

एवढा काथ्याकूट कशाला? धारावीत नेऊन टाक, दोनतीनशे रुपयांत शिवून देतील, संध्याकाळपर्यंत बॅग हातात. विषय संपला.

धारावी_नव्वदफुटी

दोनतीनशे रुपयांत एका पीसचं काम कोण घेतो ते मलापण सांगा, मीपण माझं काम तिकडेच देईन.

भांडुपचा_भिरभिरा

खूप खूप थँक्यू सगळ्यांना. काकू, कापड मागून ओढत होतो, कबूल. 😀 आजच्या आज पेल्याने आखून बघतो. एक राहिलं, मॅटचे चार कोपरे मला गोल नकोत, चौकोनीच हवेत, म्हणजे गुंडाळल्यावर कडा जुळतात. तिथे पट्टी वळवायची कशी? मी कापून परत नवीन सुरू केली तर कोपऱ्यावर दोन टोकं येतात आणि ती उसवतात.

गिरगावातली_काकू

कापायचं नाहीच मुळी. टोक कोपऱ्यावर कधीही आणू नये, जोड नेहमी सरळ बाजूच्या मध्यावर, एक इंच एकावर एक, आणि वरचं टोक मेणबत्तीवर हलकं शेकून आत दुमडलेलं.

चौकोनी कोपऱ्याला असं कर. दुमडलेली पट्टी शिवत शिवत कापडाच्या अगदी शेवटापर्यंत ये, दोनतीन उलटे टाके, दोरा तोड. पट्टी तोडायची नाही. आता मॅट वळव आणि तीच पट्टी उघडून पुढच्या बाजूच्या कडेवर चढव. कोपऱ्यात जास्तीची पट्टी त्रिकोणी उभी राहील. ती दाभणाच्या टोकाने आत ढकल म्हणजे वरून 45 अंशांची तिरकी घडी दिसेल, पत्राच्या पाकिटाला असते तशी. मग उलटं करून खालचीही तशीच ढकल. इथे एक खुबी आहे, वरची घडी डावीकडे पडली असेल तर खालची दुसऱ्या बाजूला पाड, म्हणजे सगळी जाडी एकाच जागी येत नाही. तुझ्या मशीनला तेवढाच उसासा. मग त्या तिरक्या घडीच्या आतल्या टोकापासून परत शिवायला लाग, पहिले चार टाके चाकाने. घडीचं तोंड उघडं वाटलं तर हाताने दोन टाके घाल वरून.

पहिला कोपरा वाईटच येणार. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर दोन करून बघ.

ठाण्याचा_टर्मिनल

उशिरा आलो, आणि सगळ्यांनी शेवटचा प्रश्न सोडून दिलाय म्हणून लिहितोय. मी उड्या मारायला लागून बरीच वर्षं झाली, उड्यांपेक्षा पॅकिंग जास्त केलंय.

मॅट शिव, बॅग शिव, हेल्मेटची पिशवी शिव, काय वाट्टेल ते. रिगला हात लावू नको. फ्लॅपची बाइंडिंग म्हणजे तुला शोभेची पट्टी वाटतेय, पण त्या शिलाईत फ्लॅपचे थर, आतला ताठ प्लॅस्टिकचा पत्रा, कधी कधी शेजारच्या भागाचं कापडसुद्धा एकत्र धरलेलं असतं. तू उसवायला घेतलंस की नक्की काय काय सुटलं ते तुला कळणार नाही. शिवाय हार्नेस (अंगावरचे पट्टे) आणि कंटेनर (पॅराशूट बसतं ती पिशवी) ही मंजुरी मिळालेली वस्तू आहे, अमेरिकेत टीएसओ सी23 म्हणतात, तिच्यावर काम कोणी करायचं हेही ठरलेलं. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) नियमात सीनियर रिगर, म्हणजे पॅराशूटचा परवानाधारक कारागीर, पॅक करतो आणि लहानसहान दुरुस्त्या करतो, मोठी दुरुस्ती आणि बदल मास्टर रिगरनेच करायचे. तुझा फ्लॅप लहान की मोठा हे तू नाही ठरवायचं, रिगरने ठरवायचं.

आणि साधी गोष्ट विचार कर, ते शिवायला तू रिग मशीनखाली घालणार, आत रिझर्व्ह (आणीबाणीचं दुसरं पॅराशूट) पॅक केलेलं. सुई मोडली आणि टोक आत गेलं तर? तू आधीच तीन मोडल्यास. पॅराशूटच्या कामात मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून ठेवल्याशिवाय कोणी पुढचा टाका घालत नाही. तुझ्या तीन सुयांचे तुकडे कुठे आहेत आत्ता? खरं सांग.

पोटावर पडताना वारा ताशी 190-200 किलोमीटरने अंगावर येतो. सुटलेली पट्टी तिथे फडफडणार, आणि ती पिनजवळच्या (कंटेनर बंद धरणाऱ्या खिळीजवळच्या) फ्लॅपची असेल तर फ्लॅप उचलला जाणं नुसतं फडफडण्यावर थांबत नाही. लायटरने धागे जाळायचे, सुपरग्लू लावायचा, हेही सुचेल तुला रात्री दीड वाजता. नको. फोटो काढून रिगरला पाठव. अमेरिकन नियमाने रिझर्व्ह 180 दिवसांनी उघडून पुन्हा पॅक करायचंच असतं, रिग तेव्हा त्याच्याकडे जाणारच आहे, त्याच वेळी कामाला दे. तोवर उडावं की नाही हेही त्यालाच विचार, मला नको.

मॅट आणि बॅगेबद्दल एकच, वेल्क्रोची काटेरी बाजू उघडी राहील असं कुठेही लावू नको. कॅनॉपीचं (पॅराशूटच्या छताचं) कापड आणि दोऱ्या त्यावर घासल्या की धागे उचकटतात. त्यापेक्षा प्लॅस्टिकचं बक्कल लाव किंवा झिप.

भांडुपचा_भिरभिरा

दादा, सुईच्या तुकड्यांचं वाचलं आणि पोटात गोळा आला. उठलो आणि चुंबक घेऊन मशीनखालची सगळी फरशी पालथी घातली. दोन सुयांची टोकं सापडली, तिसरं बॅगेच्या फोममध्ये रुतलेलं निघालं. म्हणजे ती बॅग मी पाठीला लावून लोकलमध्ये... जाऊ दे. रिगचा फोटो पाठवलाय रिगरला. त्याने उत्तरात फक्त "हात लावू नकोस" एवढंच लिहिलंय, म्हणजे तुम्ही दोघं एकाच शाळेतले.

भांडुपचा_भिरभिरा

अपडेट, कारण काकूंनी मेसेजवर दोनदा विचारलं.

शनिवार-रविवार यातच गेला. आधी पट्टी पाण्यात टाकली, बुडली, जिवात जीव आला. जुनी बाइंडिंग सगळी उसवली, फोम एक सेंटिमीटर आत कापला, पेल्याने नवीन कोपरे आखले (बॅग थोडी लहान झाली, हेल्मेट आता कोंबावं लागतं). कडेला 6 मिलिमीटरवर शिलाई. मग धारावीवाल्या दादांच्या दोन फेऱ्या आणि काकूंचा धावदोरा असा मिक्स केला, म्हणजे पहिली फेरी मशीनने, पट्टी वळवली, सरळ बाजूला क्लिप आणि फक्त कोपऱ्यांना धावदोरा, मग दुसरी फेरी. अंगुस्तान घरात नव्हतं, दोन बोटांना भोकं पडली तेव्हा आईने कुठल्यातरी डब्यातून काढून दिलं, आजीचंच होतं.

आत वळलेला कोपरा एका फटक्यात जमला! विश्वासच बसेना. शिवताना अख्खी बॅग मशीनच्या डावीकडे अशी गोळा होऊन पडलेली की वाटलं वाट लागली, आणि सोडली तर पट्टी गपचूप कोपऱ्यात जाऊन बसली. ते दहा वेळा उघडमिट करून बघितलं.

गोल कोपरे चारपैकी दोन मस्त, एक ठीक. शेवटचा रविवारी रात्री अकराला शिवायला घेतला तर खालच्या मजल्यावरचे काका वर आले, मोटरचा आवाज त्यांच्या बेडरूममध्ये जातो म्हणाले. मग शेवटचा अख्खा कोपरा चाक हाताने फिरवून शिवला, एकूणएक टाका, आणि खरं सांगू, तोच सगळ्यात चांगला आलाय. मॅटचे चौकोनी कोपरे पुढच्या आठवड्यात, सरावाचे दोन तुकडे केलेत त्यातला एक आईने गरम कढईखाली घ्यायला उचलला, मी म्हटलं वितळेल, तर आता त्यावर लोणच्याची बरणी ठेवलीय.

फोटो टाकतोय, वरून आणि खालून दोन्ही.

गिरगावातली_काकू

शाबास. हातचाकाचं मी म्हटलंच होतं. धावदोरा पिवळा वापरलास ते बरं केलंस, पण एके ठिकाणी काढायचा राहिलाय बघ, झाकणापाशी.

धारावी_नव्वदफुटी

दुसऱ्या फोटोत उजवीकडचा कोपरा झूम करून बघ. खालून तीन टाके सुटलेत पट्टीवरून.

भांडुपचा_भिरभिरा

बघितले. तीन नाही, चार. उद्या उसवतो.